सूचनाफलकावरचे एक क्रियापद



या अंकात शाळेच्या वर्षभराच्या उपक्रमांचा आढावा घ्यायचा, असे ठरले होते. तो आढावा पुढच्या अंकात येईल. आज मला एका चुकीबद्दल लिहायचे आहे. चूक माझी आहे आणि ती सर्वांच्या डोळ्यांसमोर सूचनाफलकावर झाली, म्हणून तिची दुरुस्तीही सर्वांसमोर व्हावी, असे मला वाटते.

आपल्या शाळेत स्पोकन इंग्लिशचे जादा वर्ग सुरू होत आहेत, हे आपण जाणताच. त्याची इंग्रजीतली सूचना बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकांनी तयार करून दिली. त्या दिवशी टेबलावर कागदांचा ढीग होता. मी वरवर नजर फिरवली, सही केली आणि सूचना फलकावर लागली. त्यात एक वाक्य होते. त्याचा अर्थ असा की, मुलांच्या बोलण्यावरचा मातृभाषेचा प्रभाव ‘इरॅडिकेट’ करणे हे या वर्गांचे उद्दिष्ट आहे.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात डबा तसाच होता.

“सर, एक विचारू? इरॅडिकेट म्हणजे निर्मूलन ना?”

“हो. का गं?”

“देवीच्या रोगाबद्दल वाचताना तो शब्द आला होता. स्मॉलपॉक्स वॉज इरॅडिकेटेड. मग सर, मराठीचा काय रोग आहे का?”

मुलगी आगाऊ नाही. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. “उद्या सांगतो, बेटा,” असे म्हणून मी तिला वर्गात पाठवले आणि फलकापाशी जाऊन आपणच सही केलेली सूचना प्रथमच नीट वाचली.

त्या रात्री मी शब्दकोश काढून बसलो. तिला द्यायचे उत्तर एका ओळीत मावले नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, शाळा-कॉलेजात हिंदी आणि इंग्रजी फक्त एका तासापुरती. आमच्या वेळी इंग्रजी शब्द ‘मीनिंग’ म्हणून पाठ करत. वहीत उभी रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे हिंदी अर्थ. ‘अपरूट’ म्हणजे उखाड़ना. ‘इरॅडिकेट’ म्हणजे उन्मूलन करना. ‘एक्स्टर्पेट’ म्हणजे जड़ से उखाड़ना. तिन्हींचा अर्थ जवळजवळ एकच! मग इंग्रजांना तीन शब्द कशाला लागले, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही आणि कोणी पाडूनही दिला नाही. अर्थ पाठ होता, वापर ठाऊक नव्हता. शब्दाचा अर्थ कळणे म्हणजे माणसाचे नाव कळणे. तो कोणाच्या घरी जातो आणि कोणाच्या घरी जात नाही, हे कळल्याशिवाय त्याची ओळख झाली असे म्हणता येत नाही.

आता या शब्दाचे घराणे पाहू. ‘रॅडिक्स’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ मूळ. मागे ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लावला की मुळासकट बाहेर काढणे, म्हणजे ‘इरॅडिकेट’ तयार होते. आपले ‘निर्मूलन’ अगदी तसेच बनले आहे. मूळ शब्दाला ‘निर्’ लागला. हिंदीत त्याच अर्थाने ‘उन्मूलन’ म्हणतात. इतिहासाच्या हिंदी पुस्तकात आम्ही ‘जमींदारी उन्मूलन’ वाचले ते हेच. गंमत अशी की तोच ‘उन्मूलन’ मराठीत बोलीच्या वाटेने आला तेव्हा ‘उन्मळणे’ झाला. वादळात झाड उन्मळून पडते. हिंदीतले उन्मूलन सरकार करते, मराठीतले उन्मळणे वारा करतो. शब्द एक, पण दोन घरांत त्याची कामे वेगळी.

मुलांनो, लॅटिनमधल्या या ‘रॅडिक्स’ची नातवंडे तुमच्या ओळखीची आहेत. कोशिंबिरीतला मुळा म्हणजे ‘रॅडिश’. आपल्याकडे मूळ या शब्दावरून मुळा आला, त्यांच्याकडे रॅडिक्सवरून रॅडिश आला. गणितात वर्गमूळ काढता ते ‘स्क्वेअर रूट’ आणि त्याच्या चिन्हाला म्हणतात ‘रॅडिकल साइन’. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहिलेल्या ‘आर्यभटीया’त वर्गमूळ आणि घनमूळ काढण्याच्या रीती दिल्या आहेत. म्हणजे संख्येलाही मूळ असते, ही कल्पना आपल्या वर्गात इंग्रजी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या भाषांत होती.

हे झाले घराणे. आता वापर.

‘इरॅडिकेट’ हे क्रियापद पूर्वी इंग्रजीत झाडझुडूप मुळासकट उपटण्यासाठीही वापरत. आज बागेतले रोप उपटले तर कोणी ‘इरॅडिकेट’ म्हणत नाही. आज त्याचे कर्म बहुधा एखादी वाईट गोष्टच असते. रोग, कीड, तण, दारिद्र्य, निरक्षरता, भ्रष्टाचार. ज्या गोष्टीचा अंशही मागे राहू नये असे सर्वांना वाटते, तीच या क्रियापदाच्या पुढे उभी केली जाते. चांगल्या गोष्टीला ते लावले तर वाचणारा दचकतो. माणसांच्या समूहाला लावले तर त्याहून वाईट, कारण मग माणसे तण ठरतात, आणि तण ठरवलेल्या माणसांचे पुढे काय केले जाते याची उदाहरणे जगाच्या इतिहासात पुष्कळ आहेत.

आरोग्यशास्त्रात तर हा शब्द फार जपून वापरतात. रोग आटोक्यात आणणे म्हणजे ‘कंट्रोल’. एखाद्या प्रदेशातून रोगाचा फैलाव थांबवणे म्हणजे ‘एलिमिनेशन’. साऱ्या जगातून रोग कायमचा जाणे, इतका की त्याविरुद्धचे उपायही थांबवता यावेत, म्हणजे ‘इरॅडिकेशन’. माणसाच्या रोगांपैकी ही पायरी आजवर फक्त एका रोगाने गाठली. तो म्हणजे देवी. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. माझ्या पिढीच्या दंडावर लशीचे व्रण आहेत, तुमच्या दंडावर नाहीत. इरॅडिकेशनचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर आजी-आजोबांचा दंड पाहा. गुरांच्या रोगांपैकी बुळकांडी २०११ साली अशीच जगातून गेली. यादी येथे संपते.

पोलिओचे पाहा. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तरीही दो बूंद पाजणे थांबले नाही, कारण शेजारच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानातून तो अजून गेलेला नाही. म्हणजे आपल्याकडे एलिमिनेशन झाले, जगात इरॅडिकेशन व्हायचे आहे. कुष्ठरोगाची गोष्ट तर भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. १९५५ साली देशात कुष्ठरोगाचा ‘कंट्रोल’ कार्यक्रम सुरू झाला. १९८३ साली त्याचे नाव बदलून ‘इरॅडिकेशन’ कार्यक्रम झाले. २००५ च्या अखेरीस दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही पातळी गाठली गेली, ती सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून ‘एलिमिनेशन’ची पातळी. पण नवे रुग्ण अजूनही दरवर्षी सापडतात. कार्यक्रमाच्या नावातला शब्द आणि हाती आलेले यश यांत अंतर आहे. मराठीत या दोन्ही शब्दांना आपण सरसकट ‘निर्मूलन’ म्हणतो, त्यामुळे ते अंतर आपल्याला दिसत नाही. इंग्रजी नीट शिकण्याचा एक फायदा हा, की अशी अंतरे दिसू लागतात.

आता ‘अपरूट’ घेऊ. अर्थाने तोच, मुळासकट उपटणे. पण वापर पाहा. वादळात झाडे ‘अपरूटेड’ होतात. माणसे, कुटुंबे, गावेही ‘अपरूटेड’ होतात. येथे उपटले गेलेल्याचा दोष नसतो, उलट त्याच्याबद्दल हळहळ असते. इंदिरासागर धरणासाठी खंडवा जिल्ह्यातले हरसूद गाव २००४ साली रिकामे केले गेले. लोकांनी आपली घरे आपल्या हातांनी पाडली, चौकटी-दारे काढून ट्रॅक्टरवर चढवली आणि निघाले. त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहिताना ‘अपरूटेड’ हेच क्रियापद शोभेल. तेथे ‘इरॅडिकेटेड’ लिहिले तर वाक्याचा अर्थ भयंकर होईल. वहीतल्या उजव्या बाजूला दोन्हींचा अर्थ एकच असला, तरी एक क्रियापद उपटणाऱ्याच्या बाजूचे आहे आणि दुसरे उपटल्या गेलेल्याच्या बाजूचे.

याच कारणाने काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतल्या एका निबंधाने शिक्षकांच्या खोलीत हशा पिकवला होता. विषय होता ‘माझे कुटुंब’. मुलाने इंग्रजीत लिहिले की, आमचे घराणे साताऱ्याहून ‘इरॅडिकेट’ होऊन इंदूरला आले. मीही हसलो होतो. आता वाटते, त्या मुलाने निदान शोध तरी घेतला होता. फक्त वहीची उजवी बाजू पाहून शब्द उचलला, जसा मी चाळीस वर्षांपूर्वी उचलत होतो आणि जसा परवा सही करताना न वाचताच सोडून दिला.

खरे तर त्या मुलाला ‘अपरूट’ही लागू पडला नसता. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज अठराव्या शतकात होळकरांच्या दौलतीबरोबर माळव्यात आले, काही मागाहून नोकरीसाठी आले. काहींना परिस्थितीने उपटले असेल, पण बरेचसे उमेदीने आले. त्याला इंग्रजीत तिसरे क्रियापद आहे, ‘ट्रान्सप्लांट’. कोकणात भाताची लावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. आधी एका जागी दाट रोपे तयार करतात. पावसाने जोर धरला की ती उपटतात, मुठी बांधतात आणि चिखल केलेल्या खाचरात चार-चार काड्या रोवत जातात. उपटल्याशिवाय लावणी होत नाही. पण उपटताना मुळे तुटणार नाहीत हे जो पाहतो तोच चांगला गडी. रोपाची मुळे तोडून वरची हिरवी पाती तेवढी चिखलात रोवली, तर चार दिवस शेत हिरवे दिसेल आणि पाचव्या दिवशी पिवळे पडेल.

आपली मराठी माळव्यात अशीच लावली गेली. तिने येथल्या मातीतले शब्द घेतले. पुण्याचे पाहुणे आले की आपल्या ‘इंदुरी’ मराठीला हसतात. हसू देत. मुळे जिवंत आहेत म्हणूनच ती येथले पाणी पिऊ शकली.

‘एक्स्टर्पेट’ हा शब्द जीवशास्त्रात एका उपयोगी अर्थाने वापरतात. एखादा प्राणी जगातून गेला तर ‘एक्स्टिंक्ट’, फक्त एका प्रदेशातून गेला तर ‘एक्स्टर्पेटेड’. चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले, पण आफ्रिकेत तो होता आणि आशियाई चित्ता इराणमध्ये थोडा उरला होता. म्हणून १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आपल्याच मध्यप्रदेशातल्या कुनोत आणता आले. तेही आशियाई नव्हेत, आफ्रिकी. एकदा मुळासकट काढलेले परत लावायचे म्हणजे किती खटाटोप, किती खर्च आणि तरीही मूळचे ते मूळचे येत नाही, हे त्यावरून कळावे.

आणि या घराण्यातला शेवटचा शब्द, जो माझ्या वहीत कधीच नव्हता. ‘डेरॅसिनेट’. हा फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये ‘रासीन’ म्हणजे मूळ. अर्थ तोच, मुळे उपटणे. पण आज हा बहुधा माणसासाठी वापरतात. आपल्या भाषेपासून, आपल्या लोकांपासून तुटलेला, ना इकडचा ना तिकडचा राहिलेला माणूस ‘डेरॅसिनेटेड’. हा शब्द कौतुकाने क्वचितच वापरला जातो, तो उणीव सांगण्यासाठी वापरतात. म्हणजे ज्या भाषेसाठी आपण मुलांची मुळे सैल करायला निघालो आहोत, त्याच भाषेत मुळे सैल झालेल्या माणसासाठी एक वेगळा, खिन्न शब्द तयार आहे.

आता सूचनेकडे परत येऊ. ‘मातृभाषेचा प्रभाव’ म्हणजे नेमके काय, हे आधी पाहिले पाहिजे, कारण त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे चुका. “दिवा बंद कर” याचे “क्लोज द लाइट” होते. “फोटो काढला” याचे “रिमूव्ह्ड द फोटो” होते. ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ लागतो. ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होते. या चुका आहेत, त्या सुधारल्याच पाहिजेत आणि त्यासाठीच आपण वर्ग सुरू केले आहेत. त्यांना कोणी तण म्हटले तर माझी हरकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मूल ज्या भाषेतून जग समजून घेते ती भाषा. तिला तण म्हणता येणार नाही, ते पीक आहे. खुरपणी करणारी बाई पिकाच्या बुंध्याशी वाढलेले गवत काढते तेव्हा एका हाताने पीक धरून ठेवते. आपल्या सूचनेतल्या वाक्याने ते धरलेले पीकच उपटायचे ठरवले होते.

पालकांची बाजू मला कळत नाही असे नाही. एका वडिलांनी मला स्पष्ट सांगितले, “सर, मुलाखतीत मला उत्तर येत होतं, इंग्रजी येत नव्हतं. माझं राहिलं ते राहिलं, पोराचं राहू नये.” यावर मी काय बोलणार? मी स्वतः त्या रांगेतून आलो आहे. शहरातल्या सभांमध्ये इंग्रजी बोलताना पहिल्या वाक्यालाच तोंडाला कोरड पडते, हे मी पन्नाशीतही अनुभवतो. त्यामुळे इंग्रजी कमी शिकवा, असे मी कधीही म्हणणार नाही. उलट जास्त आणि जास्त खोल शिकवा, असेच म्हणेन. माझा आक्षेप एवढाच आहे की, इंग्रजीला जागा करून देण्यासाठी मराठी उपटावी लागते, हा समज खोटा आहे.

याचा पुरावा मला लांब शोधावा लागला नाही. तो डबा हातात घेऊन माझ्या दारात उभा होता. ती सूचना आठ दिवस फलकावर राहणार होती. ती मी वाचली होती, म्हणजे वाचल्यासारखी केली होती. कर्मचाऱ्यांनी वाचली, वरच्या वर्गातल्या मुलांनी वाचली. स्पोकन इंग्लिशमध्ये पुढे असलेल्या मुलांनीही वाचली. कोणालाच काही खटकले नाही. त्या मुलीला खटकले, कारण तिच्या मनात ‘इरॅडिकेट’च्या शेजारी ‘निर्मूलन’ बसलेले होते आणि निर्मूलनाच्या आत तिला ‘मूळ’ दिसत होते. इंग्रजी वाक्यातली चूक तिला मराठीने दाखवली. आपण ज्याला ‘मातृभाषेचा प्रभाव’ म्हणून काढून टाकायला निघालो होतो, तो हाच. शाळेतल्या त्या आठवड्यातले सर्वांत बारकाईचे इंग्रजी वाचन त्याच प्रभावामुळे झाले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आपल्या शाळेत मराठी आता माध्यम नाही, फक्त एक विषय आहे. तेवढा तरी विषय म्हणून तो नीट उभा राहावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

येथे मला विश्वस्त मंडळाशी थोडे मोकळेपणाने बोलायचे आहे. पुढच्या सत्रापासून सहावी ते आठवीच्या मराठीच्या तासांपैकी आठवड्यातले दोन तास स्पोकन इंग्लिशला द्यावेत, असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. मागच्या बैठकीत मी त्याला मान हलवून संमती दिली होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ती संमती मी नम्रपणे मागे घेत आहे. मंडळाचा हेतू मुलांच्या भल्याचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शाळेच्या पटावर मुले टिकली पाहिजेत, ही चिंताही मला आहे. प्रवेशाच्या वेळी पालक पहिला प्रश्न इंग्रजीचाच विचारतात आणि त्यांना उत्तर द्यायला मीच बसलेला असतो. तरीही हे दोन तास गेले तर ते परत येणार नाहीत, असे अनुभव सांगतो. वेळापत्रकातून काढलेला तास कुनोच्या चित्त्यासारखा असतो. परत आणायचा म्हटले तर फार लांबून आणावा लागतो, आणि आला तरी पूर्वीचा नसतो.

त्याऐवजी माझी सूचना अशी. स्पोकन इंग्लिशचा वर्ग शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटे घ्यावा, पहिले सहा महिने मी स्वतः त्याला उपस्थित राहीन, विद्यार्थी म्हणून. आठवड्यातला एक तास मराठी, हिंदी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. त्या तासाला वहीत दोनऐवजी चार रकाने असावेत. इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ, हिंदी अर्थ आणि चौथ्या रकान्यात ‘हा शब्द कोणाला लावतात, कोणाला लावत नाहीत’. तो चौथा रकाना माझ्या वहीत असता तर परवाची सही झाली नसती. मंडळाच्या पुढील बैठकीत यावर विचार व्हावा ही विनंती. वेगळा निर्णय झाला तर तो मी पाळीन, पण माझे मत काय होते ते या पानावर नोंदलेले राहील.

पालकांना एकच सांगणे आहे. घरी मुलांशी मराठी बोलल्याने त्यांचे इंग्रजी बिघडेल, ही भीती सोडा. आजीने सांगितलेली गोष्ट इंग्रजीच्या आड येत नाही. मुलाने इंग्रजीत चूक केली तर जरूर सुधारा, पण “घरात मराठी बोलतोस म्हणून असं होतं” असे वाक्य बोलू नका. मूल त्यातून इंग्रजी शिकत नाही, फक्त आपल्या आईच्या बोलण्याची लाज शिकते.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी. इंग्रजी शब्द भेटला की त्याच्या अर्थावर थांबू नका. तो कोणत्या शब्दांच्या संगतीत राहतो ते पाहा. कचरा ‘इरॅडिकेट’ होत नाही, तो उचलावा लागतो. आपल्या इंदूरने २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवायला सुरुवात केली ती कचऱ्याचे निर्मूलन करून नव्हे, तो रोज सकाळी वेगवेगळा करून गाडीत टाकून. रोजच्या कामांना रोजची क्रियापदे असतात. मोठी क्रियापदे जपून वापरा, आणि मोठ्या माणसांनी वापरली तर विचारा. मधल्या सुट्टीत विचारा, माझे दार उघडे असते.

जुनी सूचना काढली आहे. नवी लावण्याआधी मी त्या मुलीला बोलावले आणि विचारले, “आता तू सांग, येथे कोणते क्रियापद घालू?” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “सर, ‘करेक्ट’ चालेल. चुका करेक्ट करायच्या. मातृभाषेचं नावच कशाला घ्यायचं त्यात?”

फलकावर आता तेच लिहिले आहे. वाचून घ्यावे, आणि पुन्हा चूक सापडली तर अवश्य सांगावे.

आपला,
प्राचार्य